खेळाच्या डब्यातले इंटरनेट

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

टीव्हीला जोडून खेळायचा 'व्हिडिओ गेम' वऱ्हाडातल्या घरांना नवा नाही. १९९० च्या दशकात अकोल्याच्या बाजारातही तो हलक्या प्लास्टिकच्या डब्याच्या रूपात मिळायचा. सोबत दोन रिमोट, एक कॅसेट आणि कॅसेटवर छापलेला हजारो खेळांचा दावा. प्रत्यक्षात खेळ थोडेच, तेच पुन्हा पुन्हा वेगळ्या नावांनी यायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी रस्ते ओस पडले की घराघरांतून मारिओच्या उड्यांचा आवाज ऐकू यायचा. त्या डब्याला इंटरनेटचा गंधही नव्हता आणि कुणी तशी अपेक्षाही केली नाही.

पुढे आलेले डबे मात्र वेगळे होते. त्यांना 'कन्सोल' म्हणू लागले. सोनी कंपनीचा प्लेस्टेशन ३ भारतात २००७ मध्ये आला, तेव्हा त्याची किंमत चाळीस हजारांच्या घरात होती. तेवढ्या पैशात त्या वेळी चांगला कॉम्प्युटर येत असे. पण या डब्यात खेळांच्या जोडीला इंटरनेटची पाने दाखवणारा ब्राउझरही होता. साहजिकच मध्यमवर्गीय घरात प्रश्न पडणार, की एकाच वस्तूत खेळ आणि इंटरनेट दोन्ही मिळत असेल तर वेगळा कॉम्प्युटर घ्यावा कशाला? प्रश्न रास्त आहे. आणि तो जुना झालेला नाही. आज 'स्मार्ट टीव्ही' घेताना हाच प्रश्न थोड्या वेगळ्या शब्दांत आपल्यापुढे येतो. म्हणून या खेळाच्या डब्यांतल्या ब्राउझरांचे काय झाले, हे समजून घेणे आपल्या उपयोगाचे आहे.

'उघडते' आणि 'जमते' यांतला फरक

एखादी वस्तू वापरायला सोयीची आहे की नाही, हे मोजण्याची आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य झालेली एक कसोटी आहे. मानके ठरवणाऱ्या आयएसओ या संस्थेने ती १९९८ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात तीन गोष्टी पाहतात. काम पुरे झाले का, ते करायला किती वेळ आणि कष्ट लागले, आणि करणाऱ्याला समाधान वाटले का. त्यातही एक महत्त्वाची अट आहे. काम कोणते, करणारा कोण आणि तो कुठे बसून करतो आहे, हे आधी ठरवायचे. त्याशिवाय 'सोयीचे' या शब्दाला अर्थ नाही.

आपण एक काम ठरवू. अकोल्यातल्या एका घरात बाबांना शेताचा सातबारा पाहायचा आहे. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर तो पाहता येतो. विभाग निवडायचा, मग जिल्हा, तालुका, गाव, त्यानंतर गट क्रमांक घालायचा. शेवटी यंत्र आपल्याला तिरक्या-वाकड्या अक्षरांचे चित्र दाखवते. ती अक्षरे ओळखून टाइप करायची, म्हणजे आपण माणूस आहोत हे सिद्ध होते. कॉम्प्युटरवर हे काम काही मिनिटांचे आहे. तेच काम बैठकीतल्या सोफ्यावर बसून, हातात खेळाचा रिमोट घेऊन, समोरच्या टीव्हीवर करायचे म्हटले तर काय काय आडवे येते, ते क्रमाने पाहू. त्याआधी थोडा इतिहास.

डब्यात ब्राउझर कसा आला

खेळाच्या यंत्राला टेलिफोनची तार जोडून इंटरनेट दाखवण्याचा प्रयत्न जुना आहे. सेगा या जपानी कंपनीने १९९६ मध्ये अमेरिकेत आपल्या सॅटर्न या यंत्रासाठी मोडेम विकायला काढला. याच कंपनीचे ड्रीमकास्ट हे यंत्र १९९८ मध्ये जपानमध्ये आणि १९९९ मध्ये अमेरिकेत आले. त्यात मोडेम आतच बसवलेला होता. ब्राउझर मात्र वेगळ्या तबकडीवर असायचा. इंटरनेट पाहायचे असेल तर खेळाची तबकडी काढून ब्राउझरची घालायची. यंत्रात हार्ड डिस्क नव्हती, त्यामुळे उतरवून घेतलेली वस्तू ठेवायलाही जागा नव्हती. की-बोर्ड वेगळा विकत घ्यावा लागे.

२००६ हे वर्ष या गोष्टीत महत्त्वाचे. निन्टेन्डोच्या डीएस या खिशात मावणाऱ्या यंत्रासाठी नॉर्वेच्या ऑपेरा कंपनीने जपानमध्ये ब्राउझर आणला. यंत्राची स्वतःची स्मृती होती अवघी ४ मेगाबाइट. म्हणून ब्राउझरच्या कॅसेटबरोबर ८ मेगाबाइटची जादा स्मृती देणारी दुसरी कॅसेटही द्यावी लागली. त्याच वर्षी निन्टेन्डोचे वी आणि सोनीचे प्लेस्टेशन ३ बाहेर पडले. वीसाठीही ऑपेरानेच ब्राउझर केला. त्याची चाचणी आवृत्ती डिसेंबर २००६ मध्ये आणि पूर्ण आवृत्ती एप्रिल २००७ मध्ये आली. सुरुवातीला फुकट, नंतर काही काळ पैसे आणि सप्टेंबर २००९ पासून पुन्हा फुकट, असा त्याचा प्रवास झाला. मायक्रोसॉफ्टने आपल्या एक्सबॉक्स ३६० वर इंटरनेट एक्स्प्लोरर दिला तो थेट २०१२ मध्ये. तोही सुरुवातीला वर्गणी भरणाऱ्यांनाच.

दहा फुटांवरचे अक्षर

आता पहिली अडचण, वाचण्याची. कॉम्प्युटर आपण साधारण दोन फुटांवरून पाहतो आणि टीव्ही दहा फुटांवरून. अंतर पाचपट झाले. त्या काळच्या घरात कॉम्प्युटरचा पडदा १५ इंची आणि टीव्ही फार तर २९ इंची. म्हणजे पडदा दुपटीहून थोडा कमीच मोठा. तेच पान दोन्हीकडे पडदाभर दाखवले, तर टीव्हीवरचे अक्षर डोळ्यांना निम्म्याहूनही लहान दिसणार. दूरदर्शनच्या बातम्यांखाली धावणारी पट्टी आठवा. तिची अक्षरे उगाच ठसठशीत नसतात.

जुन्या काचेच्या टीव्हीत आणखी एक खोट होती. आपल्याकडच्या पद्धतीत चित्र ६२५ आडव्या ओळींत विभागलेले असे. त्यातल्या ५७६ ओळी चित्राच्या. या सगळ्या ओळी एकदम उमटत नसत. सेकंदाच्या पन्नासाव्या भागात विषम ओळी, पुढच्या पन्नासाव्या भागात सम ओळी, असा खेळ चाले. एखादी आडवी रेघ इतकी बारीक असेल की ती एकाच ओळीत बसते, तर ती सेकंदाला पंचवीस वेळाच उमटणार आणि लुकलुकणार. इंग्रजी अक्षरांत अशा सलग आडव्या रेघा कमी. आपल्या देवनागरीत मात्र प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर शिरोरेघ आहे. लुकलुक टाळायची तर रेघ जाड किंवा पुसट करावी लागते. तसे केले की लहान अक्षरातली मात्रा आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात.

यावर उपाय होते. वीच्या रिमोटवरचे बटन दाबून पानाचा हवा तो भाग मोठा करता येई. डीएसला दोन पडदे होते. एकावर अख्खे पान लहान आकारात आणि दुसऱ्यावर त्याचाच एक तुकडा मोठा, अशी युक्ती त्यात होती. उपाय चांगले, पण त्यांत वाचकाचा निम्मा वेळ पान पुढे-मागे सरकवण्यात जाई.

'मूर्तिजापूर' लिहायला पंचेचाळीस दाब

दुसरी अडचण बोटाची, म्हणजे नेमके कुठे टिचकी मारायची हे यंत्राला सांगण्याची. पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये एक नियम मांडला. लक्ष्य जितके लहान आणि जितके दूर, तितका तिथे पोहोचायला वेळ जास्त. कॉम्प्युटरवरचा माऊस हे या कामाचे उत्तम साधन. खेळाच्या रिमोटवर मात्र एक छोटी दांडी असते आणि वर-खाली-डावी-उजवी अशी चार बटने. मोटार वळवायला ती दांडी झकास आहे. पण पानावरच्या बारीक शब्दावर बाण आणून थांबवायचा, तर तो कधी अलीकडे राहतो, कधी पलीकडे जातो.

या बाबतीत वी सर्वांत पुढे होता, हे मान्य केले पाहिजे. त्याचा रिमोट टीव्हीकडे धरला की बाण तिकडे जाई. टीव्हीजवळ ठेवलेल्या पट्टीतून न दिसणारे अवरक्त किरण निघत आणि रिमोटच्या टोकाचा कॅमेरा ते पाहून आपली दिशा ओळखे. आजीलाही जमावे इतके हे सोपे होते. फक्त हात अधांतरी धरावा लागे, आणि दहा मिनिटांत तो भरून येई.

खरी परीक्षा टाइप करताना. पडद्यावर की-बोर्डचे चित्र येते आणि चार बटनांनी एकेका अक्षरावर जावे लागते. जरा हिशेब करून पाहू. अक्षरांची मांडणी कॉम्प्युटरसारखीच तीन ओळींत आहे आणि खूण आधीच पहिल्या अक्षरावर आहे असे धरा. इंग्रजी अक्षरांत 'अकोला' लिहायचे तर अक्षरे पाच. त्यासाठी अठरा वेळा सरकायचे आणि पाच वेळा 'हेच' म्हणून दाबायचे, असे तेवीस दाब. 'मूर्तिजापूर' इंग्रजीत दहा अक्षरांचे. सरकणे पस्तीस आणि पसंती दहा, एकूण पंचेचाळीस. कॉम्प्युटरवर याच कामाला दहा टिचक्या. एक अक्षर चुकले तर खोडायला पुन्हा निराळा फेरा. असा प्रकार पाहून कुणी वऱ्हाडी माणूस "कायले पाह्यजे इतकी मगजमारी?" असेच विचारेल.

आपले सातबाऱ्याचे काम आठवा. तालुक्याच्या यादीत अकोला, अकोट, तेल्हारा, बाळापूर, पातूर, बार्शीटाकळी आणि मूर्तिजापूर अशी सातच नावे. तिथवर ठीक. पण गावांच्या लांबलचक यादीत आपले गाव शेवटी असेल, तर बटन दाबत बसायचे. नंतर त्या वाकड्या अक्षरांचे चित्र ओळखून टाइप करायचे. आणि तेवढ्यात वीज गेली तर? २००० च्या दशकात विदर्भातल्या अनेक गावांनी भारनियमनाचे तास सोसले. कन्सोलला बॅटरी नसते. वीज गेली की भरत आणलेला अर्जही गेला.

टाइप करण्याला आणखी एक बाजू आहे. टीव्ही ही अख्ख्या घराची वस्तू. तुम्ही पासवर्ड लिहू लागलात की प्रत्येक अक्षरावर थांबणारी खूण खोलीतल्या सगळ्यांना दिसते. शेजारचे काका चहाला आले असतील, तर त्यांनाही. निन्टेन्डोच्या २०१२ सालच्या वी यू या यंत्रात यावर गमतीदार तोड होती. पाने हातातल्या ६.२ इंची पडद्यावर दिसत आणि टीव्हीवर हवे तेव्हा पडदा पाडता येई. घराघरांतली ही अडचण कुणाच्या तरी लक्षात आली होती, एवढे त्यातून दिसते.

वेलांटी कुठे गेली?

तिसरी अडचण खास आपली, लिपीची. प्लेस्टेशन ३ च्या भाषांच्या यादीत जपानी होती, रशियन होती, फिन्निश होती. देवनागरीत लिहिली जाणारी एकही भाषा नव्हती. कॉम्प्युटरवर आपण मराठी फॉन्ट आणून बसवू शकतो. खेळाचा डबा मात्र बंद कुलपाचा. कंपनीने आत जे ठेवले तेवढेच तुमचे.

त्यातही नुसता फॉन्ट असून भागत नाही. युनिकोड या जागतिक पद्धतीत १९९१ पासून देवनागरी आहे. तिच्यात अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवतात. 'ति' साठवताना आधी 'त' आणि मग वेलांटी. दाखवताना मात्र वेलांटी 'त'च्या आधी काढावी लागते. 'र्ति' असेल तर वेलांटी आधी, 'त' नंतर आणि त्यावर रफार. ही जुळवाजुळव ब्राउझरला शिकवावी लागते. शिकवली नसेल तर 'अकोला' नीट उमटते, कारण त्यात अशी भानगड नाही. 'पातूर' आणि 'बाळापूर'ही तरतात. 'मूर्तिजापूर' आले की रफार सुटा पडतो आणि वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. फॉन्टच नसेल तर सगळीकडे रिकामे चौकोन.

त्या वर्षांत आणखी एक गोंधळ होता. अनेक मराठी संकेतस्थळे युनिकोडमध्ये नव्हती. ती आपापला फॉन्ट वापरत. पान उघडले की तो फॉन्ट आपोआप उतरवून घेण्याची सोय प्रामुख्याने कॉम्प्युटरवरच्या इंटरनेट एक्स्प्लोररपुरती होती. दुसऱ्या ब्राउझरात त्याच पानावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसे. म्हणजे चाळीस हजारांचे यंत्र घरात असूनही मराठी माणसाला त्यावर आपला पेपर वाचता येईल, याचा भरवसा नव्हता.

वऱ्हाडात इंटरनेट आले ते फोनवरून

इथे एक बोलकी गोष्ट सांगितली पाहिजे. ज्या ऑपेरा कंपनीने डीएस आणि वी यांचे ब्राउझर केले, तिनेच साध्या फोनसाठी ऑपेरा मिनी हा ब्राउझर केला. तो २००६ पासून जगभर मिळू लागला. दोन-तीन हजारांच्या फोनवर, मंद जोडणीवर तो चाले, कारण पान आधी कंपनीच्या संगणकावर जाऊन तिथे आटवले जाई आणि मग फोनवर येई. मराठी, हिंदी वाचणाऱ्यांनी त्यातली एक आडबाजूची सोय शोधून काढली. पत्त्याच्या जागी एक विशेष शब्द लिहिला की लपलेली यादी उघडे. त्यात 'अवघड लिप्या चित्ररूपात दाखवा' अशा अर्थाचा पर्याय होता. तो चालू केला की देवनागरी मजकूर कंपनीच्या संगणकावरच जुळवून त्याची चित्रे फोनवर पाठवली जात. फोनमध्ये मराठी फॉन्ट नसला तरी वेलांटी जागेवर येई. ही युक्ती मित्रांनी मित्रांना शिकवली आणि ती गावोगाव पोहोचली.

फोनची ताकद प्लेस्टेशनच्या तुलनेत काहीच नव्हती. पण तो हातात होता, दोन फुटांहून जवळ होता, वीज गेली तरी चालू होता, आणि खोलीतल्या दुसऱ्या कुणाला त्यावरचे काही दिसत नव्हते. आपण पाहिलेल्या बहुतेक अडचणी तिथे आपोआप सुटल्या.

कन्सोल कंपन्यांनाही हे कळत होते. मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये एक्सबॉक्सच्या ब्राउझरबरोबर फोनसाठी एक अ‍ॅप दिले. फोनवर बोट फिरवायचे आणि टीव्हीवरचा बाण हलवायचा. सोय छान होती. पण टीव्हीवरचे पान वाचायला हातात फोन घ्यायचाच असेल, तर ते पान फोनवरच का वाचू नये, हा प्रश्न कुणालाही पडेल.

याशिवाय सुरक्षिततेचा मुद्दा होता. ब्राउझर हे बाहेरच्या जगाकडे उघडे असलेले दार. प्लेस्टेशन ४, वी यू, ३ डीएस अशा यंत्रांवर ब्राउझरमधल्या त्रुटींतून आत शिरून कंपनीचे कुलूप तोडण्याचे प्रकार झाले. ते दार सतत दुरुस्त ठेवायचे म्हणजे खर्च आणि डोकेदुखी. २०१७ मध्ये आलेल्या निन्टेन्डो स्विचमध्ये सर्वसाधारण वापराचा ब्राउझर दिलाच नाही. २०२० च्या प्लेस्टेशन ५ च्या मेन्यूतही तो दिसत नाही. एक्सबॉक्सने मात्र वेगळी वाट धरली आणि २०२१ मध्ये कॉम्प्युटरच्या धर्तीचा नवा एज ब्राउझर दिला. त्याला की-बोर्ड आणि माऊस जोडता येतात. म्हणजे सोफा सोडून पुन्हा टेबलाकडेच यावे लागले.

मग टीव्हीवर काय चालले?

सगळेच फसले असे मात्र नाही. जानेवारी २००९ मध्ये यूट्यूबने वी आणि प्लेस्टेशन ३ साठी खास पान तयार केले. मोठी अक्षरे, मोठी चित्रे, चार बटनांनी फिरता येईल अशी मांडणी. ते पाहायला सोपे होते, कारण ते दहा फुटांवरच्या माणसासाठीच आखलेले होते. आज टीव्हीवर दिसणारी चित्रपटांची आणि गाण्यांची अ‍ॅप याच रीतीने आखलेली असतात. दोष पडद्यात नव्हता. टेबलावर वाचायचे पान तसेच उचलून भिंतीवर टांगले, तिथे घोटाळा झाला.

म्हणून स्मार्ट टीव्ही घेताना विक्रेता "यात इंटरनेट पण चालते" म्हणाला, तर हुरळून जाऊ नये. दुकानातच आपले एक नेहमीचे काम करून पाहावे. एक मराठी पान उघडावे, दहा फूट मागे उभे राहून दोन ओळी वाचाव्यात, आणि रिमोटने आपल्या गावाचे नाव लिहून पाहावे. पाच मिनिटांत उत्तर मिळेल.

घरी टीव्ही असेलच, तर त्याच्यावर पाहण्याची कामे करावीत आणि लिहिण्याची कामे फोनवर ठेवावीत. फोनवरचे पान टीव्हीवर दाखवण्याची सोय आता बऱ्याच टीव्हींत असते. मुलांचा निकाल किंवा लग्नाचे फोटो घरातल्या सगळ्यांना दाखवायला ती उत्तम. एखादे अ‍ॅप टीव्हीवर आकडे दाखवून ते फोनवर लिहायला सांगत असेल, तर तीच वाट घ्यावी. पासवर्ड चारचौघांसमोर लिहावा लागत नाही. बँकेचे व्यवहार मात्र टीव्हीच्या किंवा कन्सोलच्या ब्राउझरात करू नयेत.

माळ्यावर जुना कन्सोल पडला असेल तर त्यावर खेळ खुशाल खेळावेत. त्याचा ब्राउझर मात्र आता कामाचा नाही. संकेतस्थळांशी सुरक्षित बोलण्याचे नियम या वर्षांत बदलले आहेत. वीसारख्या यंत्राला नवे नियम ठाऊक नाहीत, म्हणून आजची बहुतेक पाने त्यावर उघडतच नाहीत. आणि एखादे उघडलेच, तर तिथे आपले नाव आणि पासवर्ड देऊ नये. त्या दाराची दुरुस्ती करणारे आता कुणी उरलेले नाही.